वहीत 41 सौदे, ट्रेडबुकात 63: जर्नल आपोआप भरू द्यावं की हातानेच लिहावं?

गंगापूररोडकर
तीन वर्षं मी शेअरबाजारातल्या माझ्या सौद्यांचं जर्नल, म्हणजे नोंदवही, हाताने लिहितोय. मेनरोडवरून आणलेली लाल पुठ्ठ्याची वही, रकाने आखून घेतलेले: एन्ट्री, एक्झिट, स्टॉपलॉस (तोटा किती झाला की बाहेर पडायचं ती मर्यादा), कारण. गेल्या महिन्यात सहज म्हणून ब्रोकरकडचं ट्रेडबुक, म्हणजे झालेल्या सगळ्या सौद्यांची यादी, डाऊनलोड केलं आणि एका ऑटो जर्नलमध्ये, म्हणजे आपोआप हिशोब मांडणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकलं. वहीत महिन्याचे 41 सौदे, तिथे 63. वहीतून गायब असलेल्या 22 पैकी 19 तोट्याचे. वहीप्रमाणे मी 11,400 रुपये फायद्यात होतो, प्रत्यक्षात खर्च धरून 6,850 तोट्यात. मुद्दाम लपवलं असं नाही, लिहायचं राहून गेलं. पण राहून गेलेले बरोबर तोट्याचेच कसे?
तेव्हा माझ्यापुरतं ठरलं, वही बंद. मला लाज वाटते, मशीनला वाटत नाही.

सराफबाजार_रोजमेळ
नाचता येईना अंगण वाकडं! सौदे तुम्ही लिहिले नाहीत आणि शिक्षा वहीला? आमचे आजोबा दुकान वाढवल्यावर रोजमेळ लिहायचे. चार आणे जुळले नाहीत तर पानावर बसत नसत. ती रात्रीची चिडचिडच दुसऱ्या दिवशी हात आवरायला लावायची. आपोआप भरलेलं जर्नल कोण उघडतं हो? माझ्या फोनमध्येही आहे एक. शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

सातपूर_अल्गो
काका, आजोबांच्या काळी एका दिवसात चाळीस ऑर्डर नव्हत्या. आणि हाताने न जमणाऱ्या गोष्टी आहेतच की. माझा बँकनिफ्टीत (बँकांच्या शेअर्सचा निर्देशांक) 20 पॉइंटचा स्टॉपलॉस असायचा. सौदा चालू असताना भाव आपल्या विरुद्ध किती खोल गेला, हे सॉफ्टवेअर मिनिटाच्या भावांवरून काढतं. तीन महिन्यांचं पाहिलं तर फायद्यात सुटलेले बहुतेक सौदे 8 पॉइंटच्या खाली गेलेच नव्हते. म्हणजे 8 ते 20 मध्ये मी नुसता देव पाण्यात ठेवून बसायचो. आता 12 ठेवतो. वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

इंदिरानगर_ऑप्शनवाला
सातपूर भाऊ, मुद्दा मान्य, पण मशीन खरं बोलतं हेही अर्धंच. मी आयर्न कॉन्डर लावला, म्हणजे दोन ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचे हक्क) विकले आणि दोन विकत घेतले, चारही मिळून एकच डाव. एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपली तेव्हा, चारही ऑप्शन शून्य झाले. माझ्या दृष्टीने एक सौदा, फायद्यात. जर्नलने दाखवले चार: विकलेले दोन जिंकले, विकत घेतलेले दोन हरले, विन रेट (जिंकलेल्या सौद्यांचं प्रमाण) 50 टक्के! तीन वेगळ्या भावांना थोडं थोडं घेऊन एकदाच विकलं तर त्याचेही तीन तुकडे करतं, पहिली खरेदी पहिल्या विक्रीशी जुळवून.
दुसरं, खर्च. 1 ऑक्टोबर 2024 पासून ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, 0.0625 वरून 0.1 टक्का झाला. म्हणजे लाखाच्या प्रीमियमला (ऑप्शनच्या किमतीला) 62.50 च्या जागी 100 रुपये. मी वापरत होतो त्या जर्नलमध्ये पुढे कित्येक आठवडे जुनाच दर. ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांचं बिल, समोर ठेवून बसलो तेव्हा कळलं. आकडे छापल्यासारखे सुबक दिसतात, म्हणून आपण तपासत नाही.

पंचवटी_बघ्या
वही असो की मशीन, शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल सांगतो की आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे, करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. 2024 च्या वर्षात माणशी सरासरी 26,000 रुपये नुसत्या खर्चात. जर्नल कसलं लिहिताय, मृत्युपत्र लिहा.

सातपूर_अल्गो
बघ्या भो, तुमची हीच कॉमेंट प्रत्येक धाग्यावर असते. खर्च किती जातोय हे कळायलाच तर जर्नल पाहिजे ना!

निफाडचा_बागाईतदार
मी शेअरमध्ये नवा, द्राक्षात जुना. निर्यातीच्या बागेला फवारणीचं रजिस्टर ठेवावंच लागतं: तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं, काढणीला किती दिवस राहिले. पुढे मण्यांचा नमुना लॅबला जातो. रजिस्टरात न लिहिलेलं औषध तिथे निघालं की माल अडकला. तुमचं ट्रेडबुक म्हणजे ती लॅब, तिच्यापुढे सबबी चालत नाहीत.
पण डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला म्हणून मारलं, की शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर ऐकू आला म्हणून आपणही मारलं, हे लॅब सांगत नाही. माझ्या रजिस्टरात अशा दोन-चार फवारण्या आहेत, 'कशासाठी'पुढे मी उगाच 'प्रतिबंधक' लिहिलंय. तुमच्या जर्नलमध्येही कारणाचा टॅग तुम्हीच लावता ना? मग तिथे 'प्रतिबंधक' लिहायला कोण अडवतंय?

सराफबाजार_रोजमेळ
घ्या! बागाईतदार साहेबांनी दोघांनाही धुतलं.

इंदिरानगर_ऑप्शनवाला
म्हणून मी कारण सौद्याआधी लिहितो, एकच ओळ, मोबाइलवर. बाकी भाव, वेळ, संख्या ट्रेडबुकातून येऊ देतो. एपीआय, म्हणजे ब्रोकरचं खातं जर्नलला थेट जोडणारी सोय, जोडलेलं नाही. रोज सकाळी परत लॉगिन करायचं, शिवाय बाहेरच्या अ‍ॅपला ऑर्डर टाकायची परवानगीही मिळून जाते का, याची धास्ती. शनिवारी फाईल उतरवून घेतो, दहा मिनिटांचं काम.
गंगापूररोडकर दादा, एक विचारू? ते 22 सौदे ज्या दिवशीचे, त्या दिवशी वहीत काय आहे?

गंगापूररोडकर
आत्ता उठून काढली. 22 पैकी 13 मंगळवारचे, दुपारी अडीचनंतरचे. म्हणजे निफ्टीची एक्सपायरी. एका मंगळवारी वहीत फक्त 'नेट स्लो होतं' एवढं लिहिलंय. दुसऱ्या मंगळवारच्या पानावर दूधवाल्याचा हिशोब आहे.
ते पान आता फाडायचं नाही असं ठरवलंय. वही बंद म्हटलं होतं ते मागे घेतो, पण सौद्यांची संख्या यापुढे वहीला विचारणार नाही.

सराफबाजार_रोजमेळ
दूधवाल्याचा तरी जुळला का?

गंगापूररोडकर
नाही काका. दोन लिटरचा फरक येतोय.