डी क्लर्कने मंडेलांना ‘सोडलं’ म्हणे!

तिरकसराव: काल इथे एकाने लिहिलंय की दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गोरा राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क, त्याचं मन मोठं म्हणून मंडेला सुटले, नोबेल दोघांना मिळालं ते योग्यच. डोकंच फिरलं. २७ वर्षं माणूस आत, किल्ली ज्याच्या पक्षाच्या खिशात त्यालाच श्रेय? बाहेरच्या बँका कर्ज देईनात, टाऊनशिप म्हणजे काळ्यांच्या वस्त्या पेटलेल्या, काय करणार होता? हाच बाबा शिक्षणमंत्री असताना विद्यापीठांना दम देत होता, पोरांना आवरा नाहीतर अनुदान कापतो.

जुना_वाचक: ती पोस्ट माझीच. बँका आधीचा राष्ट्राध्यक्ष बोथाच्या वेळीही कर्ज देत नव्हत्या, तो हलला का? २ फेब्रुवारी १९९० ला संसदेत उभं राहून मंडेलांच्या पक्षावरची, एएनसीवरची बंदी उठवायला छाती लागते. सहा अणुबॉम्ब बनवून परत मोडणारा दुसरा देश दाखवा.

तिरकसराव: बोथाने ८९ च्या जुलैत मंडेलांना चहाला बोलावलं होतं, तेही वाचा जरा. आणि बॉम्ब का मोडले? उद्या काळ्यांच्या सरकारच्या हातात पडतील म्हणून, असं मला तरी वाटतं.

गल्ली_क्रिकेट: ९२ ला वर्णभेद संपवायचा का यावर फक्त गोऱ्यांचं मतदान घेतलं, ६८ टक्क्यांवर ‘हो’ आलं, तेव्हा तिकडे वर्ल्डकप चालू होता हे विसरू नका. गोऱ्यांना क्रिकेट गमवायचं नव्हतं, बास. ९१ ला ईडनवर त्यांच्या डोनाल्डने पहिल्याच वनडेत पाच विकेट काढल्या, मी शाळा बुडवून बघितलंय. आणि त्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला पावसानंतर फलकावर एका चेंडूत २२ हव्यात, अजून पोटात दुखतं.

सदाशिव_पेठी: क्रिकेटवाल्यांनी गप्प बसावं. १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपची फायनल आपण खेळलोच नाही, समोर दक्षिण आफ्रिका म्हणून. अमृतराज बंधू फॉर्मात होते.

गल्ली_क्रिकेट: खेळाडूंना विचारलं होतं का कोणी? दिल्लीत बसून दुसऱ्याचा कप सोडणं सोप्पं असतं.

सदाशिव_पेठी: माझ्या वडलांच्या पासपोर्टवर ‘दक्षिण आफ्रिका सोडून’ असं छापलेलं होतं. त्यांना कुठे जायचं होतं तिकडे, पण अभिमानाने दाखवायचे. तुम्हाला नाही कळायचं.

गल्ली_क्रिकेट: हो, पुण्याबाहेरच्यांना काहीच कळत नाही, माहितीये.

डर्बनवाली: भांडा तुम्ही. मी डर्बनला सहा वर्षं होते. शेजारच्या तमिळ आजींचं घर केटो मॅनरला होतं, कुठल्या वर्णाने कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या ग्रुप एरियाज कायद्यात गेलं, चॅट्सवर्थला आणून टाकलं. अंगणातला आंबा अजून सांगायच्या. २०२० मध्ये डी क्लर्क टीव्हीवर म्हणाला की अपार्थाइड (वर्णभेद) हा मानवतेविरुद्धचा गुन्हा नव्हे, मग ओरड झाल्यावर शब्द मागे घेतले. २०२१ ला तो गेला त्याच दिवशी माफीचा व्हिडिओ आला. आजी म्हणाल्या, “आता विचारू कोणाला?”

जुना_वाचक: ताई, माफी उशिरा आली, मान्य. पण तो नसता तर रक्तपात झाला असता.

डर्बनवाली: झाला की. जून ९२, बॉइपाटोंग टाऊनशिप, ४५ माणसं मारली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होतं?

जुना_वाचक: बरं बाबा, ‘मनाचा मोठेपणा’ काढून ‘व्यवहारी’ लिहितो. खूश?

तिरकसराव: उपकार झाले. नोबेल अर्धं परत घ्या म्हणावं.

गल्ली_क्रिकेट: अमृतराजांना द्या ते अर्धं.