डेन्व्हरहून शनिवार-रविवारची भटकंती

डेन्व्हरला (अमेरिकेतल्या कोलोरॅडोत) नव्याने आलेल्या एका जोडप्याने शनिवार-रविवारी कुठे फिरायला जावं असं विचारलं, आणि सगळ्यांनी त्यांना रॉकी माउंटन नॅशनल पार्क सुचवलंय. बरोबरच आहे, पण निघायची वेळ कुणीच लिहिली नाही. खरी गोम तिथेच आहे.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं आरामात आवरून अकराला निघालो. पार्कमधल्या ट्रेल रिज रोड या डोंगरी रस्त्याच्या माथ्यावर पोचेपर्यंत दोन वाजले. हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. साधारण साडेअकरा हजारांवर झाडं संपतात, पुढे नुसतं खुरटं गवत. हवा इतकी विरळ की मागच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट फुगून टम्म झालेलं. फोटोसाठी उतरलो आणि ढग गडगडले, पाठोपाठ वाटाण्याएवढ्या गारा! नवरा टोपी सावरत गाडीकडे पळाला आणि चार पावलांतच वाकून धापा टाकायला लागला. (रोज जिमला जाणारा माणूस हो!) जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचा भरवसा नाही, म्हणून बाराच्या आत झाडांच्या पट्ट्यात उतरायचं. आता आम्ही पहाटे पाचलाच घर सोडतो.

साधारण मध्य-ऑक्टोबर ते मेअखेर हा रस्ता बर्फामुळे बंद असतो. सप्टेंबरअखेरीस अ‍ॅस्पनची पिवळीधमक झाडं बघायला केनोशा पास या घाटात जा, माझ्या मते पार्कपेक्षाही सुंदर.

आणि स्कीइंगच्या दिवसांत रविवारी दुपारी आय-७० या महामार्गाने डेन्व्हरला परतू नका. त्यावरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या कितीतरी आधीच रांग लागते. आम्ही तिकडेच जेवून रात्री उशिरा निघतो.