चर्चा: इंग्रजी शिकणाऱ्यांनी सोपी केलेली कादंबरी वाचावी की मूळ?

पूर्व भागातील शिक्षिका:
सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी तेलुगू बोलली जाते, शाळेचे माध्यम मराठी असते आणि इंग्रजीचा क्रम त्यानंतर लागतो. अशा मुलाच्या हाती दहावीनंतर थेट चार्ल्स डिकन्स या इंग्रजी कादंबरीकाराचे मूळ पुस्तक दिले, तर दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच पुस्तक मिटते. म्हणून शब्दमर्यादा पाळून पुन्हा लिहिलेल्या कादंबऱ्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असाव्यात, असे माझे मत आहे. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालेत पहिल्या टप्प्याला ४००, तर सहाव्याला २५०० पायाभूत शब्द (एका शब्दाची सगळी रूपे मिळून एक) धरलेले असतात आणि वाक्यरचनाही त्याच क्रमाने अवघड होत जाते. ही पद्धत विलायतेत बसून सुचलेली नाही; मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षणक्षेत्रात काम करतानाच तिचा पाया घातला.

मूळवादी:
अडचण मान्य आहे, उपाय मान्य नाही. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या आरंभी पोरका पिप थडग्यावरील अक्षरांच्या वळणावरून आईवडिलांचे रूप ताडतो आणि वडील चौकोनी बांध्याचे, सावळे, कुरळ्या केसांचे असावेत, असे मनाशी ठरवून टाकतो. कथानकाचे या मजकुरावाचून काहीच अडत नाही, आणि म्हणूनच कात्री पहिल्यांदा अशाच ठिकाणी चालते. मग उरते ती घटनांची जंत्री. ती तर गाइडातही मिळते. सोपेच द्यायचे असेल, तर केंब्रिज इंग्लिश रीडर्सप्रमाणे शिकणाऱ्यांसाठीच नव्याने लिहिलेल्या कथा द्याव्यात. डिकन्सचे नाव कशाला वापरायचे?

पूर्व भागातील शिक्षिका:
गाइड पाठ करण्यासाठी असते, वाचण्यासाठी नव्हे. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, कथा कोणाच्या मदतीविना समजण्यासाठी सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एखादाच नवा. ओळीओळीला अडखळणाऱ्या मुलापर्यंत पिपचा तो विनोद मुळात पोचतच नाही. मग कात्रीने त्याचे काय हिरावले?

एक पालक:
माझा मुलगा डिप्लोमाला आहे. त्याला बालवाचनाची पुस्तके हातात धरायला संकोच वाटतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सोपी आवृत्ती मात्र तो बसमध्येही उघडतो. नावाचा एवढा उपयोग पुरेसा नाही का?

मूळवादी:
पुरेसा आहे, पण मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द लेखकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलेला असावा. शिवाय बाईंनी त्याच कपाटात मूळ प्रतही ठेवावी आणि तिचे पहिले प्रकरण वर्गात स्वतः वाचून दाखवावे.

पूर्व भागातील शिक्षिका:
प्रत ठेवीन. प्रकरण वाचून दाखवायला मात्र अभ्यासक्रम संपल्यावरच वेळ मिळेल, आणि तो कधी संपतो हे आपणही जाणता.