धोका, जोखीम आणि 'चढणं'

लेखणीधर: भांडुपच्या एका प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) गाळ्यासाठी सुरक्षेचा मराठी फलक करतोय. हॅझर्ड आणि रिस्क यांत अडलो. सायनाइड मुळात विषारी, हे पहिलं. डबा बंद आहे की हौद उघडा, यावर ठरतं ते दुसरं. 'धोका' आणि 'जोखीम' लिहिलं, तर कारागीर हसला: "जोखीम इथं कुठली? ती झवेरी बाजारात!"

गिरगावची_मीना: बरोबर हसला. काळबादेवीत जोखीम म्हणजे सोनंनाणं. "अंगावर जोखीम आहे, टॅक्सीनं जा," असं आई म्हणायची.

शुद्धमती: मग 'संभाव्य अपाय' लिहा. आणि मसुद्यातलं 'तेजाब' काढून 'आम्ल' करा.

खटपट्या: आम्ल म्हटलं की आमसूल आठवतं हो. तेजाब म्हटलं की हात मागे येतो. शिवाय शब्द संस्कृतच, तेज अधिक आप.

गिरगावची_मीना: काहीतरीच! तेज़ अधिक आब. फारसी.

जुना_प्लेटर: आमच्यात दोनच शब्द, 'लागतं' आणि 'चढतं'. तेजाब लागतं, थिनर चढतं. जे लागत नाही आणि चढत नाही, त्याला कुणी भीत नाही. क्रोमच्या हौदाची वाफ वर्षानुवर्षं नाकात जाते, मधल्या पडद्याला भोक पडतं, दुखत मात्र फारसं नाही. शोऱ्याच्या तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, तपकिरी धूर तर आणखी लबाड. खोकला थांबतो, माणूस गूळ खाऊन घरी जातो आणि रात्री छातीत पाणी भरतं.

खटपट्या: मग 'बाधतं' लिहा. दूध बाधतं, तसं.

शुद्धमती: 'बाधा' वाचून मालक लिंबू-मिरची टांगेल, पंखा नाही लावणार.

जुना_प्लेटर: ताई, लिंबू-मिरची आहेच. लेखणीधर, नामं सोडा, क्रियापदं लिहा. "सायनाइडच्या हौदात तेजाब पडू देऊ नका. वायू सुटतो, माणूस मरतो." त्या वायूचा वास काहींना येतच नाही, तेव्हा "वास आला तर पळा" लिहू नका.

लेखणीधर: हे घेतो. पण भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कामगाराला धोक्याची माहिती देण्याचं कलम आलं. त्याच्या भाषेशी जुळवायला नाम लागणारच.

जुना_प्लेटर: आम्ही सहाजण होतो. दहाच्या आतला गाळा त्या कायद्यात सहसा कारखानाच धरत नव्हते.

शुद्धमती: ते असो. थिनर 'चढतो' ना? पुल्लिंगी आहे.

गिरगावची_मीना: रॉकेल चढतं, तसं थिनर चढतं.

खटपट्या: रॉकेल कुणाला चढलंय?