स्वमुळावरची जुनी द्राक्षबाग सेंद्रिय पद्धतीने टिकवता येईल का?

बागवाला_नान्नज
नमस्कार. उत्तर सोलापूर तालुक्यात आमची दीड एकर थॉम्पसन या द्राक्षवाणाची बाग आहे. आजोबांनी १९८८ मध्ये स्वमुळावर (खुंटावर कलम न करता) लावलेली ही बाग आजही मांडवावर उभी आहे. मात्र काही ओलांडे (मांडवावरच्या आडव्या फांद्या) पोकळ झाले आहेत, खोडाच्या सुटलेल्या सालीखाली मिलीबग (पिठ्या ढेकूण) दडून बसतो आणि एकरी माल निम्म्यावर आला आहे. बाग काढून डॉगरीज या खुंटावर (ज्याच्या मुळांवर कलम करतात त्या वेलीवर) नवीन वाण लावावा, असे वडिलांचे म्हणणे आहे. मला ती सेंद्रिय पद्धतीने जपायची आहे आणि पुढे जमल्यास तिच्या द्राक्षांवर घरची छोटी वायनरी उभी करायची आहे. रसायने लगेच बंद करावीत का, आणि थॉम्पसनची चांगली वाइन होईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

द्राक्षकाका_बार्शी
रसायने एकाच हंगामात बंद करू नका. मी तसे केले होते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागला आणि पानामागे डाऊनी रोगाची पांढरी बुरशी दिसेपर्यंत कोवळे घड तपकिरी पडून गेले होते. सुरुवात लाकडापासून करा. एप्रिलच्या खरड छाटणीला सुटी साल हाताने काढून बागेबाहेर जाळा, खोडावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा आणि बुडाशी भुसा दिसला तर खोडकिड्याचे छिद्र शोधा. पोकळ ओलांडा खोडाजवळच्या जोमदार फुटीपर्यंत कापून, त्याच फुटीचा नवा ओलांडा तयार करा. पहिली दोन वर्षे घड कमी ठेवा, कारण म्हातारी वेल मालाच्या ओझ्याने आधी मुळात खचते.

बोअरच्या पाण्याची ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता) आणि क्लोराईड अवश्य तपासा. स्वमुळावरची वेल क्षार फार सोसत नाही, आणि डॉगरीज आपल्याकडे रुजला तो याच कारणाने. त्यामुळे वडिलांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तरीही बाग सरसकट काढू नये, असे मला मनापासून वाटते. सोनाका हा वाण आपल्या नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनमधून निवडला. अशी निवड जुन्या बागेत रोज डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यालाच साधते, म्हणून वेगळा घड देणाऱ्या वेलीला आजच खूण बांधा.

वाइन_अकलूज
थॉम्पसनची वाइन होते, पण तिला ना स्वतःचा सुगंध ना पुरेसे आम्ल. उष्ण हवेत साखर चढते तसे आम्ल उतरते, आणि सोलापूरच्या मार्चमध्ये हे फार झपाट्याने घडते. जुन्या वेलींचे मोल मात्र जगाने मान्य केले आहे: ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याच्या २००९ च्या सनदेत आणि दक्षिण आफ्रिकेतही ३५ वर्षांपुढील बागांना जुनी बाग म्हणून वेगळी ओळख मिळते. मुळे आणि खोड राखून दहा-वीस वेलींवर शिराज किंवा शेनिन ब्लांक या वाइनच्या वाणांचे कलम करून पाहा. उरलेल्या मालाचा बेदाणा करा, कारण त्याला बाजार आहे आणि वायनरीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

सेंद्रिय_मोहोळ
एक भर घालतो. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली फळबागेला साधारणपणे तीन वर्षांचा रूपांतर काळ असतो. गंधक आणि ताम्रयुक्त बोर्डो मर्यादेत चालतात, परंतु डोळे फुटण्यासाठी लावतात ते हायड्रोजन सायनामाईड चालत नाही. त्यामुळे छाटणीआधी पंधरा दिवस पाणी तोडून पानगळ घडवावी लागते, आणि तरीही फूट मागेपुढे होते, हे गृहीत धरा.

बागवाला_नान्नज
सर्वांचे आभार. आज वडिलांना घेऊन बागेत गेलो आणि एका वेलीचा बोद (बुडाशी असलेला मातीचा वरंबा) हाताने उकरला. वीतभर खाली पांढरी मुळी (नवी, जिवंत मुळे) भरपूर होती. पूर्वेकडचे अर्धे एकर यंदा न काढता ठेवण्यास ते तयार झाले आहेत. पाण्याचा नमुना उद्या तपासणीला देतो.