मदत हवी आहे: मेमरी लिमिट ओलांडूनही पॉड मरत का नाही?

मंडळी, देवगडहून लिहितोय. आमच्या हापूसच्या ऑर्डरी घेणारं छोटं अ‍ॅप घरच्याच जुन्या डेस्कटॉपवर के3एसमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त पेट्यांत चालवणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) चालतं. गेल्या एप्रिलात ऐन हंगामात बिलं बनवणाऱ्या पॉडने (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) सगळी रॅम खाल्ली आणि अख्खं मशीन हँग. दोन दिवस बाबा वहीत ऑर्डरी लिहीत बसले होते, ते अजून ऐकवतात.

यंदा त्या पॉडला 256 एमआयबीची लिमिट लावलीय. पण नुसतं यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहून भरवसा कसा धरायचा? म्हणून पायथनमध्ये टेस्ट लिहिली. तेवढ्याच लिमिटचा पॉड उभा करायचा, आत नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या झीरोजने (शून्यांचा अ‍ॅरे देणारं फंक्शन) 400 एमबीचा अ‍ॅरे घ्यायचा आणि पाच मिनिटं स्लीप. ओओएमकिल्ड (मेमरी संपल्याने मारला) आलं की टेस्ट पास.

पॉड ठणठणीत. रनिंग! कंटेनरमध्ये शिरून मेमरी डॉट मॅक्स फाइल पाहिली, तिथे 268435456 बाइट आहे, म्हणजे लिमिट कंटेनरपर्यंत पोचलीय. मग अडतंय कुठे? सीपीयूचंही तेच. अर्ध्या कोअरची लिमिट देऊन अखंड लूप फिरवला, तरी मरायचं नाव नाही.

कातळसडा: झीरोज नुसती जागा अडवतं हो. मेमरीच्या पानावर (छोट्या तुकड्यावर) पहिल्यांदा काही लिहिलंत की मगच ती रॅम तुमच्या खात्यात पडते. 400 रिकामी खोकी बागेत नेऊन ठेवलीत, आंबा एकातही नाही! वन्स (एकांनी भरलेला अ‍ॅरे देणारं फंक्शन) वापरा, किंवा 16-16 एमबीचे तुकडे भरत जा, म्हणजे कुठे तुटतं ते लॉगमध्ये कळेल. रिस्टार्ट पॉलिसी नेव्हर ठेवा, नाहीतर पॉड पुन्हा उठतो आणि ओओएमकिल्ड हे कारण लास्ट स्टेटमध्ये शोधत बसावं लागतं. सीपीयूची लिमिट मारत नाही, रोखून धरते: दर 100 मिलिसेकंदांत तुमच्या वाट्याला 50, ते संपले की पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. सीपीयू डॉट स्टॅटमधला एनआर थ्रॉटल्डचा (किती वेळा रोखलं त्याचा) आकडा चढतोय का, ते टेस्टमध्ये तपासा.

धागाकर्ता: चाललं! वन्सने पहिल्याच फटक्यात ओओएमकिल्ड, एक्झिट कोड 137. तुकड्यांच्या टेस्टचा लॉग मात्र आधी कोराच आला. प्रिंट बफरमध्ये पडून होते, आणि सिगकिल (प्रोसेस तात्काळ मारणारा सिग्नल) काही उसंत देत नाही. फ्लश चालू केल्यावर चौदावा तुकडा छापला आणि पंधराव्याला गेला. सीपीयूचं उद्या बघतो, आत्ता लाइट गेलीय आणि इन्व्हर्टरवर राउटर तेवढा आहे.