नाटकाला खुर्ची कुठली घ्यावी? सांगली-मिरजकरांनो, अनुभव सांगा

गावभाग
पुढच्या महिन्यात विष्णुदास भावे नाट्यमंदिरात एका संगीत नाटकाचा प्रयोग लागतोय. आईला न्यायचंय. वय 78, गुडघे दुखतात, उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नाही. सोबत माझी नऊ वर्षांची लेक, तिचं हे पहिलं नाटक. आई लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून संगीत नाटकं बघायची, पण गेली सहा वर्षं ती नाटकाला गेलेली नाही. म्हणून या वेळी तिकिटं अंदाजपंचे काढायची नाहीत असं ठरवलंय. मागे एका गावी मी हौसेने अगदी पहिली रांग घेतली होती. रंगमंच उंच, तीन तास मान वर करून बसलो आणि नटांची पावलं काही दिसली नाहीत. तुम्ही कुठे बसता, का बसता, कुठे फसलात, सविस्तर लिहा.

वखारभाग
चौथी ते सातवी रांग, मधोमध. तीस वर्षं दुसरीकडे बसलो नाही.

मिरज, ब्राह्मणपुरी
संगीत नाटक म्हणालात म्हणून लिहिते. ऑर्गन आणि तबला कुठल्या बाजूला बसणार, हे जमलं तर आधी विचारून घ्या. साथीदार बहुतेक वेळा रंगमंचाच्या पुढच्या कडेला असतात. मी एकदा मुद्दाम तबल्याच्या बाजूची दुसऱ्या रांगेतली खुर्ची घेतली. तिसऱ्या घंटेआधी तबलजी हातोडीने ठोकत सूर मिळवत होते, सुराजवळ आल्यावर थांबून कान लावायचे, परत एक हलका ठोका. ते बघायला मिळालं याचा आनंद आजही आहे. पण पद सुरू झालं की डग्ग्याचा घुमारा अंगावर यायचा आणि गाणारीचे शब्द त्यात बुडायचे. नाट्यपदाचे शब्दच कळले नाहीत तर प्रसंग कळणार कसा? मध्यंतरानंतर नवव्या रांगेत रिकामी खुर्ची दिसली, तिथे जाऊन बसले. गळा, ऑर्गन, तबला सगळं एकजीव होऊन आलं. तेव्हापासून संगीत नाटकाला मी सहाव्या रांगेच्या पुढे जात नाही. दोन-तीन पात्रांचं गद्य नाटक असेल तर मात्र पुढेच बसते. एका प्रयोगात पत्र वाचणाऱ्या नटीच्या हातातला कागद थरथरत होता. मागच्या कुणाला तो दिसला असेल असं वाटत नाही.

खणभाग
ताई, आईंच्या कानाचं आधी बघा. माझ्या वडिलांचंही असंच, उजवा कान गेलेला. आम्ही दोन-तीन प्रयोग डावीकडे बसवलं त्यांना, आणि ते सारखे "काय म्हणाला?" विचारायचे. मग बहिणीच्या लक्षात आलं. रंगमंचाकडे तोंड करून बसलं की आपल्या उजव्या हाताला जी बाजू, तिकडे बसवायचं. म्हणजे रंगमंच त्यांच्या डाव्या अंगाला येतो, चांगला कान तिकडे. तेवढ्या बदलाने ते हसायच्या जागी सगळ्यांबरोबर हसायला लागले. आम्हाला भरून आलं होतं.

माधवनगर
एक अगदी बारीक गोष्ट, पण आमची संध्याकाळ तिच्यापायी गेली. काही नाट्यगृहांत विषम आकडे एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला असतात. मी मोबाईलवर 11 आणि 12 घेतल्या, शेजारी-शेजारी समजून. गेल्यावर बघतो तर मध्ये अख्खी वाट! सासूबाई एकीकडे, आम्ही दुसरीकडे. त्यांना एकटं बसावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. नकाशा नीट बघा, नाहीतर सरळ तिकीट खिडकीवर जा.

विश्रामबाग
लेकीसाठी: बाल्कनी घेतलीत तर पहिली रांग नको. मोठ्यांना ती छान, पण कठडा मुलांच्या बरोबर डोळ्यासमोर येतो. खालीही बाल्कनीच्या छपराखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज दबतो. आणि आईंना जिने चढायला लावू नकाच.

कुपवाड
मी हौशी नाटकांत पडद्यामागे काम करतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर रोज. आतून सांगतो. नेपथ्य उभं करताना आम्ही मधल्या प्रेक्षकाच्या नजरेने बघतो. दिवाणखान्याचा सेट असेल तर दोन्ही बाजूंना भिंती येतात. अगदी कडेला बसलेल्याला आपल्या बाजूच्या भिंतीतलं दार दिसतच नाही. पात्र आलं ते आवाजावरून कळतं. उलट समोरच्या विंगेत एन्ट्रीची वाट बघत उभा असलेला नट त्याला आधीच दिसतो, मग प्रवेशाची सगळी मजा जाते. तालमीत आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसून झाकणी, म्हणजे विंगेतलं काही दिसत नाही ना, ते तपासतो, तरी प्रत्येक सेटला ते साधत नाही. म्हणून खणभागवाल्यांचं ऐका, उजवीकडे बसा, पण मधल्या भागाच्या उजव्या कडेपर्यंतच. तिथे वाट लागून असते, गुडघे पसरता येतात, मध्यंतरात कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही.

हरिपूर
खुर्चीचं सगळ्यांनी सांगितलं. मला एवढंच म्हणायचंय, लेकीला आत जाण्याआधी थोडं सांगा. 1843 साली 5 नोव्हेंबरला भाव्यांनी याच सांगलीत, इथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. आणि 'शारदा' लिहिणारे देवल आमच्या हरिपूरचे. माझ्या नातवाला हे सांगून नेलं, तर तो पडदा उघडेपर्यंत श्वास रोखून बसला होता.

गावभाग
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी खिडकीवर जाऊन आले. काउंटरवरच्या काकांनी प्लॅनचा कागद माझ्याकडे फिरवला, गेलेल्या खुर्च्यांवर लाल पेन्सिलीच्या फुल्या होत्या. सातवी रांग, मधल्या भागाची उजवी कड, तीन खुर्च्या. सलग आहेत का, दोनदा विचारलं. वाटेकडची आईला, मधली लेकीला. लेकीसाठी घरून जाड उशी नेतेय. साथीदार कुठल्या बाजूला बसतील ते काकांना सांगता आलं नाही, पण सातव्या रांगेत फारसं बिघडणार नाही असं धरते. घरी आल्यावर आईने तिकिटं हातात घेऊन आकडे वाचले आणि पहिलं विचारलं, "नांदीच्या आधी पोचू ना गं आपण?"